बदलीचं पत्र आलं की: आपले भेटीचे वार दुसऱ्याच्या हातात कसे द्यायचे

पत्र बहुतेक मे महिन्यातच येतं. शाळेला सुट्टी, हॉस्टेल रिकामं, मुंबईचे चाकरमानी गावात आलेले, घराघरात फणस फोडलेला, आणि एका रात्री जेवण झाल्यावर सुपिरियर, म्हणजे आमच्या कॉन्व्हेंटच्या प्रमुख, म्हणतात, सिस्टर जरा थांबशील का, प्रोव्हिन्शियलचं पत्र आलंय. प्रोव्हिन्शियल म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रांताच्या प्रमुख, त्यामुळे तेवढ्यावरूनच कळतं. माझी आतापर्यंत चार वेळा बदली झाली, रायगडपासून सुरुवात केली ती किनाऱ्या किनाऱ्याने सिंधुदुर्गापर्यंत आले, आणि पहिल्या वेळी मी फार मोठी चूक केली म्हणून बदली होणाऱ्या सिस्टरांसाठी हे लिहितेय. नॉव्हिशिएटमध्ये, म्हणजे सिस्टर होण्याआधीच्या प्रशिक्षणात, आपल्याला आज्ञापालनाचं व्रत शिकवतात, जिथे पाठवतील तिथे जायचं हे शिकवतात, पण जिथून जायचं तिथून कसं निघायचं हे कोणी समोर बसवून सांगत नाही.

आधी आठवड्याचं सांगते, कारण निरोपाची तयारी पत्र आल्यावर सुरू होत नाही, ती तुम्ही गावात आलात त्या पहिल्या सोमवारी सुरू होते.

आपला आठवडा बाहेरून सगळा सारखाच दिसतो. पाचला उठणं, प्रातःप्रार्थना, ध्यान, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, नाश्ता, मग कोणी शाळेत, कोणी दवाखान्यात, कोणी हॉस्टेलच्या किचनमध्ये, दुपारी जरा पाठ टेकायची, आणि चारनंतर वाडीवर. परत आल्यावर सायंप्रार्थना, रोझरी, जेवण, दुसऱ्या दिवशीची तयारी. बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादरांबरोबर आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घेऊन जायचं, शनिवारी कॅटेकिझम म्हणजे धर्मशिक्षणाचा वर्ग आणि अल्तार म्हणजे वेदी सजवणं, रविवारी मिस्सा झाल्यावर लोक अंगणात तासभर रेंगाळतात तेव्हा ऑफिसात जाऊन बसायचं नाही, तिथेच उभं राहायचं, अर्धी कामं तिथेच होतात. ह्यात स्वतःच्या हातातला वेळ म्हणजे चार ते साडेसहा. मला विचाराल तर सगळ्यात मोलाचा वेळ हाच.

ह्या वेळेला वार लावून द्या. सोमवारी अमुक वाडी, मंगळवारी तमुक, असं पक्कं. कोकणात घरं एकमेकांना चिकटून नसतात, एक घर इथे तर दुसरं टेकाडावर, मध्ये आंब्याकाजूची कलमं, ओहोळ, घाटी चढून जायची, त्यामुळे मनाला येईल तसं फिरलात तर रस्त्याजवळच्याच चार घरी जाणं होतं आणि वरची घरं राहून जातात. वार ठरला की लोक वाट बघतात. खळ्यात पाय ठेवायच्या आधी आतून आवाज येतो, सिस्टर इली गो, पाणी घेऊन ये. पडवीत बसायचं, दिलेलं पाणी प्यायचं, कोकम सरबत दिलं तर तेही प्यायचं, घाई दाखवायची नाही. तरवा पेरला का, मुलग्याची बोट कधी परत येणार, सुनेचं बाळंतपण कुठे करणार, हे बोलता बोलता दुखणं आपोआप बाहेर येतं. आपण जातो त्यातली बरीचशी घरं हिंदू असतात, काही मुसलमान, शाळेमुळे आणि दवाखान्यामुळे ओळख झालेली. चतुर्थीला बोलावलं की जा. आणि मलमपट्टी करताना, औषध देताना धर्माचं बोलू नका, ज्याचा पाय तुमच्या हातात आहे तो माणूस तुम्हाला नाही म्हणायला मोकळा नसतो.

भाषा पहिल्या महिन्यातच शिकायला लागा. शाळेतली मराठी वाडीवर अर्धीच चालते, मालवणी कानावर पडू द्या, चुकीची बोललात तरी लोकांना आवडतं. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्याला आले आणि इथली भाषा एवढी आत मुरली त्यांच्यात की १६१६ मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण ओव्यांमध्ये छापून आलं. आपल्याला पुराण लिहायचं नाहीये, 'खंय दुखता' एवढं विचारता आलं तरी म्हातारी माणसं मोकळी होतात. रायगडात होते तेव्हा कोर्लईच्या लोकांशी ओळख झाली, बाहेर मराठी आणि घरात त्यांची पोर्तुगीजवरून आलेली बोली, तिला ते नो लिंग म्हणतात, म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीज तिथून १७४० मध्ये गेले. माणसं गेल्यावर गावात काय राहतं ह्याचा विचार करायला लागले की मला अजून ती बोली आठवते.

आता माझी चूक. माझ्या पहिल्या गावात गुरुवारी एका आजीकडे जायचे, एकट्याच राहायच्या, डायबिटीस, पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला जखम. दर तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग, त्यातलं गुरुवारचं मी घरी जाऊन करायचे, सोमवारी त्या शेजारच्या मुलाच्या गाडीवर बसून दवाखान्यात यायच्या. पत्र आलं तेव्हा मी ठरवलं की आजींना सांगायचं नाही, रडतील, आपल्यालाही सहन होणार नाही, आणि नव्या सिस्टर येतीलच. नव्या सिस्टरना दवाखान्याचं रजिस्टर दिलं, चाव्या दिल्या, औषधांचा स्टॉक मोजून दिला. गुरुवार दिला नाही. तो कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हता. पावसाळा लागला, सोमवारचं येणंही बंद झालं, आणि आजी दर गुरुवारी पायाची पट्टी सोडून, गरम पाणी करून, पडवीत बसून राहायच्या. शेजारीण म्हणाली आमच्याबरोबर चला दवाखान्यात, तर म्हणाल्या, सिस्टर येतली, आज बेस्तवार. चिखलाचे दिवस, उघडी जखम. बोट काढावं लागलं. मला हे ऑगस्टमध्ये फोनवर कळलं. मी भेटायला गेले तेव्हा त्या एक शब्द रागाचा बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, सांगला असतास तर मी दुसऱ्याक हाक मारलंय असतंय.

म्हणून सांगते, लोक आपल्या वारावर विसंबलेले असतात, आणि गाव सोडताना पहिलं काम म्हणजे एकेक वार कोणाच्या तरी हातात ठेवायचा, नाव घेऊन, त्या माणसाच्या तोंडावर.

हे कसं करायचं. पत्र आलं त्या रात्री काही करू नका, कोणाला फोन नको, चॅपेलमध्ये बसा आणि झोपा. दुसऱ्या दिवशी सुपिरियरना दोन गोष्टी विचारा, जायची तारीख आणि नवी सिस्टर कधी येणार, दोघींना एकत्र निदान चार दिवस मिळतील का. मिळाले तर ते चार दिवस सोनं आहेत, ऑफिसात घालवू नका, तिला घेऊन वाडीवर चाला. प्रत्येक घरी तिला पुढे बसवा, पाणी तिच्या हातात जाऊ दे, ड्रेसिंग तिला करू द्या आणि तुम्ही बाजूला बसून आजीशी गप्पा मारा. नवी सिस्टर उशिरा येणार असेल तर आशाताईला, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकेला, गाठा. तिला गावातलं प्रत्येक घर माहीत असतं, प्राथमिक आरोग्य केंद्राशी तिचा संबंध असतो, आणि ती बदलून जाणार नसते. खरं तर पत्र येण्याची वाट न बघता पहिल्यापासूनच महिन्यातून एकदा तिच्याबरोबर जात जा, म्हणजे तुम्ही नसलात तरी धागा तुटत नाही.

एक वही ठेवा, घराला एक पान. कोणाला कुठली गोळी, कोणाच्या मुलीची फी किती राहिली आणि ती कोण भरतंय, कुठल्या घरी कुत्रा सोडलेला असतो, कुठल्या घरी मेलेल्या मुलाबद्दल विचारायचं नाही. ही वही नव्या सिस्टरला द्यायची. पण नवऱ्याने मारल्याचं, कर्जाचं, सासूसुनेचं जे कोणी विश्वासाने सांगितलंय ते वहीत येता कामा नये. ते लिहायचं नसतं. त्या बाईला स्वतः जाऊन विचारायचं, नव्या सिस्टरना सांगू का मी, आणि ती नको म्हणाली तर ते आपल्याबरोबर जातं. एखादीच्या जिवाला धोका असेल तर मात्र तिच्याशी बोलून कोणाला तरी माहीत करून ठेवायलाच हवं, तिथे गप्प बसणं चूक.

लोकांना सांगायचा क्रम पण महत्त्वाचा आहे. व्हॉट्सॲपवर टाकू नका, फादरांनी रविवारी जाहीर करायच्या आधी निदान पाच घरं अशी असतात ज्यांना ते तुमच्या तोंडून कळलं पाहिजे. एकटी राहणारी माणसं, अंथरुणाला खिळलेली, आणि ज्यांचं काम अर्धं राहिलंय ते. एसटी स्टँडवर बातमी पोचली की संध्याकाळच्या वस्तीच्या गाडीने ती शेवटच्या वाडीपर्यंत जाते, त्यामुळे हे सगळं दोन दिवसांत उरका.

बाकीचे निरोप आरामात घ्या, दिवसाला तीन किंवा फार तर चार घरं, जास्त होत नाहीत, प्रत्येक ठिकाणी चहा असतो आणि उठू देत नाहीत. लांबची घरं आधी. रोज दिसणारी माणसं शेवटी. चाकरमानी जूनच्या सुरुवातीला, शाळा उघडायच्या आधी परत जातात, त्यांना मेमध्येच भेटा, कारण म्हाताऱ्या आईवडिलांची औषधं, डॉक्टर, खर्च हे त्यांच्याशीच बोलायचं असतं. मच्छीमार वाडीचं उलटं. एक जूनला मासेमारी बंद होते ती जुलैअखेरपर्यंत तरी असतेच, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात तिथे गेलात तर घरात फक्त बायका आणि पोरं भेटतील, पुरुष दर्यात, पण जूनच्या पहिल्या आठवड्यात होड्या वर ओढलेल्या असतात, त्यावर झावळ्या टाकायचं काम चाललेलं असतं, आणि सगळे किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करत बसलेले. आणि पाऊस एकदा धरला, लावणी सुरू झाली की शेतकऱ्याच्या घरी निरोपाला जाऊ नका, बांधावर उभं राहून दोन शब्द बोला आणि निघा, त्यांना तेवढाच वेळ असतो.

ज्यांच्याशी आपलं बिनसलंय त्यांच्याकडे जायचंच. हे सगळ्यात कठीण आणि हे सगळेच टाळतात. एका बापाला मी पालकसभेत सगळ्यांसमोर बोलले होते, मुलाला महिनाभर शाळेत पाठवलं नाही म्हणून, आणि नंतर कळलं की बोट बुडाली होती आणि मुलगा आजीला सांभाळायला घरी होता. दोन वर्षं तो माणूस मला बघून रस्ता बदलायचा. निघायच्या आधी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते जाळं विणत होते, मांडीवर निळं जाळं, हातात सुई, पायाच्या अंगठ्यात दोरा ताणून धरलेला. मी म्हटलं, माझं त्या दिवशी चुकलं, मी न विचारता बोलले. त्यांनी वर बघितलं नाही, पाच सहा गाठी मारून झाल्या, मी उभीच, मग म्हणाले, बसा मां सिस्टर. एवढंच. बसले, त्यांच्या बायकोने सोलकढी आणली. कारणं देत बसू नका, 'पण तुम्ही सांगायला हवं होतं' असं शेपूट जोडू नका, चुकलं म्हणायचं आणि थांबायचं.

हॉस्टेलच्या मुलींचं एक वेगळंच आहे. पत्र मेमध्ये येतं तेव्हा त्या घरी गेलेल्या असतात, जूनमध्ये ट्रंका घेऊन परत येतात आणि सिस्टर नाही. लहान मुलीला वाटतं आपण दंगा केला म्हणून गेली. मी आता प्रत्येकीला हाताने चिठ्ठी लिहिते, चाळीस मुली असतील तर चाळीस चिठ्ठ्या, तीन चार ओळींच्याच, पण एक ओळ फक्त तिची असली पाहिजे, तुझा भागाकार आता सुटतो, तू रात्री घाबरणाऱ्या छोटीला जवळ घेतेस ते मी बघितलंय, असं काहीतरी. आणि प्रत्येक चिठ्ठीत स्पष्ट लिहायचं की माझी बदली झाली, दर काही वर्षांनी आमची होते, तुझ्यामुळे नाही. चिठ्ठ्या नव्या वॉर्डनकडे द्यायच्या, तिच्या हातून मिळू देत, म्हणजे नव्या सिस्टरशी पहिली ओळख चांगल्या गोष्टीने होते. सुट्टीत नसतील आणि समोर असतील तर सकाळी सांगा, रात्री झोपायच्या आधी कधीही नको.

हिशोब. किराणावाल्याची उधारी, टेलर, मेडिकलवाला, कोणाकडून आणलेलं पुस्तक, पातेलं, छत्री, सगळं परत. शाळेचे, महिला मंडळाचे पैसे तुमच्याकडे असतील तर मोजून, लिहून, दोघींच्या सह्या करून द्या. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात पौलाचा निरोप आहे, मिलेत बंदरावरचा, एफेसच्या वडीलजनांना तो बोलावून घेतो, त्यात तो सांगतो की मी कोणाच्या सोन्यारुप्याचा, वस्त्राचा लोभ धरला नाही, आणि मग सगळे गुडघे टेकून प्रार्थना करतात, गळ्यात पडून रडतात, जहाजापर्यंत पोचवायला जातात. निघायच्या आठवड्यात हा अध्याय रोज थोडा थोडा वाचा. आपण किनाऱ्यावरची माणसं, आपल्याला तो जास्त कळतो.

लोक वस्तू देतातच. आंब्याची पेटी, काजूगर, कोकमं, कुळथाचं पीठ, घरचा फणस. खायचं असेल ते घ्या, नाही म्हणू नका, दिलेला हात मागे घ्यायला लावणं बरं नाही, घ्यायचं आणि कॉन्व्हेंटमध्ये, शेजारी, हॉस्टेलच्या स्वयंपाकीण मावशींना वाटायचं. पैसे दिले तर देणाऱ्यासमोरच सांगायचं की हे मी सुपिरियरकडे देणार आणि पावती पाठवणार. सोनं, साडी, महाग काही, तिथे प्रेमाने हात जोडायचे, आमचं दारिद्र्याचं व्रत आहे म्हटलं की लोक समजतात. आपलं सामान एक बॅग आणि एक बॉक्स ह्यापेक्षा जास्त होत असेल तर परत उघडून बघा.

निरोप समारंभ होणार असेल तर रविवारी मिस्सानंतर, अर्ध्या तासात आटोपेल असा मागा. शाल श्रीफळ, भाषणं नको म्हणून आधीच सांगा. दोन मिनिटं बोला, त्यात नव्या सिस्टरचं नाव घ्या आणि तुमचे वार वाचून दाखवा, सोमवारी ह्या वाडीवर आता ह्या येतील, गुरुवारी ह्या. बाकी काही बोलला नाहीत तरी चालेल.

आणि दारातून निघताना काय म्हणायचं. आपल्याकडे कोणी जाते म्हणत नाही, येते म्हणतात, मालवणीत येतंय. मी बरेच दिवस ह्यावर अडले होते कारण परत कधी येतलास असं विचारतात आणि खोटं बोलायचं नसतं. आता मी येते म्हणते, ती आपली रीत आहे, पण त्याला तारीख जोडत नाही. मी येत राहीन, दर महिन्याला फोन करेन, चर्चच्या फेस्ताला नक्की, असं काहीही कबूल करू नका. नव्या ठिकाणी तुमचे दिवस कसे जातील ते तुम्हाला माहीत नसतं. सिंधुदुर्ग डायोसिस, म्हणजे बिशपांच्या हाताखालचा धर्मप्रांत, २००५ मध्ये पुण्यापासून वेगळा झाला, त्यात रत्नागिरी सिंधुदुर्गाबरोबर कोल्हापूर पण येतं, म्हणजे फादर लोकांना डायोसिसमध्येच राहून घाट चढून जावं लागतं, आणि आपली तर प्रोव्हिन्स, म्हणजे आपल्या संस्थेचा प्रांत, त्याहून मोठी असू शकते.

माझ्या मागच्या गावी शेवटच्या संध्याकाळी शेजारच्या वाडीतले एक जाणते आजोबा आले, देवळात गाऱ्हाणं घालतात तेच, आणि आमच्या गेटपाशी उभे राहून त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली, हात जोडले आणि सुरू केलं, बा देवा म्हाराजा, ही आमची सिस्टर आज दुसऱ्या गावाक जाता, तिच्या वाटेर जा काय वाकडा नाकडा आसात ता दूर कर रे म्हाराजा, आणि मागे उभे असलेले सगळे, ख्रिस्ती हिंदू सगळेच, होय म्हाराजा म्हणाले. मी हात जोडून उभी राहिले. असं कोणी तुमच्यासाठी मागितलं तर मान खाली करून घ्या, तो त्यांचा आशीर्वाद आहे.

गाडीचं एक लक्षात ठेवा, कोकण रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल जूनमध्ये लागू होतं, गाड्यांच्या वेळा बदलतात, वेग कमी असतो, त्यामुळे मेमध्ये बघून ठेवलेली वेळ जूनमध्ये परत बघा. स्टेशनवर दोन तीन जणांनाच येऊ द्या, छोट्या स्टेशनवर गाडी एक दोन मिनिटं थांबते, त्यात बॅग चढवायची की रडायचं.

पोचल्यावर सुपिरियरना एक फोन, नव्या सिस्टरला एक फोन. जुन्या गावातल्या लोकांचे फोन येतील, उचला, तब्येत विचारा, पण नव्या सिस्टरबद्दल तक्रार सुरू झाली की तिथेच थांबवा, तिच्याशी बोला म्हणून सांगा. पहिले तीन महिने तिला तिच्या पद्धतीने करू द्या, तुमच्यासारखं नाही केलं तरी.

नव्या ठिकाणी पहिल्या आठवड्यात दुपारचे चार वाजले की हात रिकामे वाटतात. आज बेस्तवार, आता कोणी पट्टी सोडून बसलं असेल, असं येतं मनात. मी त्या वेळी चॅपेलमध्ये जाऊन त्या घरांची नावं एकेक करून घेते, मग चपला घालते, आणि स्वयंपाकीण मावशींना विचारते की ह्या गावातली सगळ्यात लांबची वाडी कुठली आणि तिकडे जायला वाट कुठून आहे.